रागाची रोजकीर्द

ऑक्टोबरचा अंक आला की संपादक गांधींच्या नावाची सगळी पत्रं माझ्याकडे वळती करतात. मी राहते वर्ध्याला, सेवाग्राम इथून आठ किलोमीटर, शिवाय शाळेत इतिहास शिकवण्यात चौतीस वर्षं गेलेली. त्यामुळे अहिंसा माझ्या घरच्या नळाला येते असा त्यांचा समज आहे. आमच्या नळाला पाणीसुद्धा एक दिवसाआड येतं. असो. यंदाच्या गठ्ठ्यातली पाच पत्रं घेतली. नावं छापू नका असं तिघांनी बजावलंय, म्हणून कुणाचंच छापत नाही.

प्रश्न : बाई, स. न. मी पतसंस्थेत नोकरी करतो, वय ४१. मुलगा चौथीत आहे. संध्याकाळी सहाला घरी येतो, सातला गणिताची वही उघडली की घरात रणकंदन. परवा हातच्याच्या वजाबाकीवरून मी त्याला फूटपट्टीने मारलं. वळ उठला. मी रोज सकाळी मोबाइलवर गांधीजींचा एक सुविचार वाचतो, ग्रुपवर पुढे पाठवतो. तरी सात वाजता व्हायचं ते होतंच. सगळे म्हणतात रोज चिंतन करा. म्हणजे नेमकं काय करायचं? (एक बाबा, सांगली)

उत्तर : आधी ते सुविचार बंद करा. सकाळचं दूधसुद्धा दोनदा तापवल्याशिवाय संध्याकाळपर्यंत टिकत नाही, सुविचार कुठून टिकणार?

तुम्ही पतसंस्थेत आहात, तर तुमच्याच कामातलं बोलते. दिवसअखेर रोजकीर्द, म्हणजे त्या दिवसाच्या जमाखर्चाची वही, लिहिता. रोख जुळत नसेल तर 'आपण सर्वांनी प्रामाणिक राहू या' असं फळ्यावर लिहून कुणी तिजोरीला कुलूप लावत नाही. पावत्या काढून बसतात आणि कुठल्या नोंदीत घोळ आहे ते शोधतात. माझ्या मते चिंतन ते एवढंच. वार, वेळ, काय बोललो, कुणाला बोललो. 'आज माझा संयम सुटला' ही नोंद नाही, ती पळवाट झाली. 'मंगळवार, सात वीस, तुझ्या डोक्यात कांदेबटाटे भरलेत का, असं म्हणालो आणि पट्टी उचलली' ही नोंद.

१२ मार्च १९३० ला गांधी ७८ जणांना घेऊन साबरमतीहून दांडीला निघाले. सुमारे ३८५ किलोमीटर, चोवीस दिवस, पायी. त्या मंडळींना रोज तीन गोष्टी सक्तीच्या होत्या : प्रार्थना, सूतकताई आणि रोजनिशी. पायाला फोड आलेत, मुक्कामी पोचून पाठ टेकाविशी वाटतेय, तरी दिवस लिहून काढायचा. आपले पंडित नारायण मोरेश्वर खरे त्या तुकडीत होते, भजनं ते सांगायचे. मी वर्षानुवर्षं वर्गात मिठाबद्दल शिकवलं, रोजनिशीबद्दल एकदाही नाही. परीक्षेत तिला गुण नव्हते.

आता माझी गोष्ट. १९९१ ची. आठवी ब, मधल्या सुट्टीच्या आधीचा तास, आणि मी शिकवत होते, काय म्हणाल, तर दांडीयात्राच. वर्गात संत्र्याचा वास सुटला. आमच्याकडे हिवाळ्यात संत्र्याला तोटा नसतो, पोरं खिशातून आणायची. तिसऱ्या बाकाखाली सालं दिसली. मी तरातरा गेले आणि त्या बाकावरच्या मुलाच्या कानाखाली वाजवली. तो काही बोलला नाही. सुट्टीत शेजारच्या बाकावरचा पोरगा आला आणि म्हणाला, "बाई, संत्रं मी खाल्लं होतं. सालं त्याच्याकडे सरकवली."

दोन दिवस मी त्या मुलाची नजर टाळली. तिसऱ्या दिवशी वर्गासमोर त्याची माफी मागितली. तो मान खाली घालून म्हणाला, "राहू द्या ना बाई." मुख्याध्यापकांना कळल्यावर त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, मुलांसमोर माफी मागायची नसते, धाक जातो. धाक गेला हे खरं. पण त्या वर्गातली पोरं त्यानंतर मला खोटं कमी सांगायला लागली.

त्याच आठवड्यात मी एक निळी वही केली. ज्या दिवशी आवाज चढला, कुणाचा पाणउतारा केला, त्या दिवसाची नोंद. तीन महिन्यांनी वही चाळली तेव्हा हसूच आलं. निम्म्याहून जास्त नोंदी बारा ते एकच्या दरम्यानच्या! सकाळी सहाचा चहा, त्यावर काही नाही, आणि मधली सुट्टी एकला. माझी हिंसा बहुतेक करून उपाशीपोटी होत होती. पर्समध्ये फुटाण्यांची पुडी ठेवायला लागले, चौथ्या तासाआधी मूठभर खायचे. हे वाचून अध्यात्मवाले नाराज होतील. होवोत. फुटाण्यांनी सगळा राग गेला नाही, पण जो उरला तो खरा कशाचा होता ते तरी दिसायला लागलं. मला वर्गात आपलं हसं होण्याची भीती वाटायची. ती वहीशिवाय सापडली नसती.

गांधींचंही असंच. १८९८ सालचं डर्बन, गांधी अजून तिशीच्या आत. घरात कारकून राहायचे, खोल्यांत मोऱ्या नव्हत्या, रात्रीची भांडी घरच्यांनीच साफ करायची. एक कारकून नवीन होता, अस्पृश्य मानलेल्या घरातून ख्रिस्ती झालेला. त्याचं भांडं कस्तुरबा रडत जिन्यावरून उतरवत होत्या. गांधींचं म्हणणं, हे काम हसतमुखाने केलं पाहिजे, माझ्या घरात हा तमाशा चालणार नाही. त्या म्हणाल्या, मग ठेवा तुमचं घर तुमच्याकडे. यावर त्या माणसाने बायकोचा हात धरून तिला फरफटत फाटकापर्यंत नेलं आणि फाटक उघडलं. परक्या देशात, जिथे तिचं कुणी नाही. 'लाज वाटत नाही का, मी जाऊ कुठे, फाटक लावा' असं कस्तुरबांनीच सुनावलं तेव्हा ते भानावर आले. हे आपल्याला ठाऊक आहे ते गांधींनी आत्मकथेत स्वतः लिहून ठेवलं म्हणून. आणि लिहिताना 'रागाच्या भरात काहीतरी झालं' अशी झाकपाक केलेली नाही. हात, जिना, फाटक, सगळं आहे.

अजून एक पत्र सांगते आणि तुमच्या पट्टीकडे येते. १ फेब्रुवारी १९७५ ला रॉबेन बेटावरच्या तुरुंगातून नेल्सन मंडेलांनी पत्नी विनी यांना लिहिलं होतं. त्याही तेव्हा तुरुंगात, क्रून्स्टाडला. झोपण्याआधी रोज साधारण पंधरा मिनिटं स्वतःला तपासत जा, सुरुवातीला आपले दोष हाताला लागणार नाहीत, दहाव्या खेपेला लागतील, अशा अर्थाचा मजकूर त्यात आहे. मंडेला काही निव्वळ अहिंसावादी नव्हते, १९६१ मध्ये सशस्त्र गट त्यांनीच उभा केला. तरी मला हे पत्र जवळचं वाटतं ते त्या 'दहाव्या खेपे'मुळे. पहिल्या नऊ रात्री वहीत फक्त मुलाच्या चुका उतरतील, बघा तुम्ही.

तर पट्टी. आज रात्री मुलाला सांगा, 'मी तुला मारलं, ते चुकलं.' इथे पूर्णविराम. 'पण तूही' म्हणालात की माफी रद्द. नंतर दोन आठवडे वही लिहा आणि सातची वेळ बदलून बघा. तुम्ही सहाला घरी पोचता, सातला वजाबाकी. मधल्या तासात काय होतं ते पत्रात लिहिलेलं नाही. तिथेच काहीतरी असणार. साहेबांचं बोलणं, नाहीतर वसुलीचं टेन्शन. वर्गात मुलाला मारायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मनाई आहे. घरात ते कलम लावणारं तुमच्याशिवाय कुणी नाही.

प्रश्न : बाई, मी नागपूरला शिकते, वय २०. आमच्या वसतिगृहातली पिण्याच्या पाण्याची टाकी कित्येक महिन्यांत साफ झालेली नाही. मागे आम्ही मुली कार्यालयासमोर मूक बसलो. काही पोरांनी शेरेबाजी केली, एकाने पाण्याची बाटली फेकली, माझ्या मैत्रिणीने उठून त्याच्या थोबाडीत मारली. मग गावभर चर्चा थोबाडीतीची, टाकीची नाही. आता २ ऑक्टोबरला पुन्हा बसणार आहोत. शांत राहायचं हे पटतं, पण आतून थरथर होते, तिचं काय करू? (एक विद्यार्थिनी)

उत्तर : तालीम करा. गाण्याची करतात तशी, नाटकाची करतात तशी.

तू ज्या शहरातून लिहितेस तिथल्याच सिव्हिल लाइन्समधल्या हिस्लॉप कॉलेजात १९५३ साली जेम्स लॉसन नावाचा अमेरिकन कृष्णवर्णीय तरुण आला. मेथडिस्ट मिशनरी, मुलांना खेळ शिकवायचा. कोरियाच्या युद्धासाठी सक्तीच्या भरतीला नकार दिला म्हणून आधी तुरुंगात जाऊन आलेला. नागपुरात तीन वर्षं राहून त्याने सत्याग्रहाचा अभ्यास केला. डिसेंबर १९५५ मध्ये अमेरिकेतल्या मॉन्टगोमेरी शहरात काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार घातला, ती बातमी त्याने नागपूरच्याच इंग्रजी दैनिकात वाचली. मायदेशी परतल्यावर फेब्रुवारी १९५७ मध्ये त्याची गाठ मार्टिन ल्यूथर किंग यांच्याशी पडली. किंग म्हणाले, थांबू नका, अमेरिकेच्या दक्षिणेत आत्ताच या. तो तिथल्या नॅशव्हिल शहरात गेला. हिस्लॉपवरून हजार वेळा गेलेल्या नागपूरकरांनाही हे ठाऊक नसतं, म्हणून जरा लांबण लावली.

तर नॅशव्हिलला त्याने काय केलं? चर्चच्या तळघरात विद्यार्थ्यांना जमवून खुर्च्या मांडल्या आणि खोटं खोटं उपाहारगृह केलं. काही जण गिऱ्हाईक होऊन बसायचे, काही जण गुंड व्हायचे. गुंडांनी खऱ्यासारखं वागायचं : शिव्या द्यायच्या, खुर्चीवरून ढकलायचं, तोंडावर सिगारेटचा धूर सोडायचा. बसणाऱ्याने उलट काही करायचं नाही. पडलो तर डोकं कसं वाचवायचं, मारणाऱ्याच्या डोळ्यांत कसं बघायचं, सगळ्याची तालीम. मग भूमिका बदलायच्या. तालीम संपली की गोल बसून बोलायचं, कुठल्या क्षणी हात उचलावासा वाटला. हे महिनोन्‌महिने चाललं. १३ फेब्रुवारी १९६० ला ही मुलं खऱ्या दुकानांत, गोऱ्यांसाठी राखलेल्या खाण्याच्या काउंटरवर जाऊन बसली. जॉन लुईस नावाच्या विद्यार्थ्याने आणि त्याच्या मित्राने नियमांचा कागद काढला होता : उलट मारू नका, शिवी देऊ नका, हसत सुटू नका, ताठ बसा, तोंड काउंटरकडे ठेवा. किती साधं आहे बघ! 'शत्रूवर प्रेम करा' हे नंतरचं, आधी ताठ बसा.

२७ फेब्रुवारीला त्यांना मार पडला आणि पोलिसांनी अटक केली ती मार खाणाऱ्यांना. १० मे १९६० ला शहरातल्या काउंटरवर काळ्या गिऱ्हाइकांना पहिल्यांदा वाढलं गेलं.

पुढे १९६३ मध्ये अमेरिकेतल्याच बर्मिंगहॅमला किंग यांच्या चळवळीत स्वयंसेवकांकडून कार्डावर सही घेत. त्यावर दहा नियम. पहिला, येशूच्या शिकवणीचं रोज चिंतन करीन. आणखी एक असा की मूठ, जीभ आणि मन, तिन्हींची हिंसा टाळीन. परीक्षा घ्यायचे, आणि ज्यांना हे जमणार नाही असं दिसे त्यांना मोर्चात न पाठवता फोनवर बसवत, टायपिंग देत, निरोपाची कामं देत. तुझ्या त्या मैत्रिणीला या वेळी पोस्टर रंगवायला द्या. त्यात कमीपणा नाही. तुझ्या वयाची असते तर मला पोस्टरच रंगवावे लागले असते.

आणि अमेरिकेपर्यंत जायचं नसेल तर महाड आहेच. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी पिऊन लोक मंडपात परतले. हे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी आवई उठली आणि जेवायला बसलेल्या, गावात विखुरलेल्या माणसांवर हल्ला झाला. जमलेल्यांत फौजेत नोकरी करून आलेले पुष्कळ होते. उलट हाणायला ते कमी पडले नसते. हाणू का, म्हणून बाबासाहेबांना विचारायलाही आले. बाबासाहेबांनी त्यांना आवरलं. रक्त बघून आलेल्या माणसांना आवरायचं, आणि त्यांनी ऐकायचं! दोन्हींची कल्पना करून बघ. मला वर्गात हे सांगताना प्रत्येक वेळी थांबावं लागायचं.

याच बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बजावलं की सनदशीर मार्ग मोकळे असताना सत्याग्रहाचा मार्ग धरणं म्हणजे अराजकाचं व्याकरण. मग टाकीसाठी आधी लेखी अर्ज दिलात का? पोच घेतलीत का, आवक क्रमांक आणि शिक्का आहे का? तुझ्या पत्रात अर्जाचा उल्लेख नाही. दिला नसेल तर उद्या द्या, मुदत घाला, आणि बसाल तेव्हा ती पोच मोठी करून समोर लावा.

थरथरीचं म्हणशील तर ती जात नाही. २ तारखेच्या आधी तीन संध्याकाळी गच्चीवर जमा. तुमच्यातल्या दोघी ती पोरं होऊ देत, त्या पोरांचीच वाक्यं त्यांना बोलू दे, रिकामी बाटलीही फेकू दे. पहिल्या दिवशी तुम्ही हसाल. दुसऱ्या दिवशी कुणीतरी रडेल. तिसऱ्या दिवशी थरथर असेल, पण ती ओळखीची झालेली असेल.

प्रश्न : लग्नाला सहा वर्षं झाली. सासूबाई माहेरावरून टोचून बोलतात, पाहुण्यांसमोरही. हे म्हणतात, 'तू गांधी हो, सोडून दे.' मी रोज रात्री आज माझं काय चुकलं याचं चिंतन करते. हल्ली सगळंच माझं चुकतं असं वाटायला लागलंय. अहिंसा म्हणजे ऐकून घेणं का हो? (एक सून, नाशिक रोड)

उत्तर : नाही गं. वरच्या बाबांना मी वही घ्यायला सांगितली, तुला सांगते, वही मिट. दुसऱ्याच्या नावे पडायची रक्कम तू रोज स्वतःच्या नावे टाकते आहेस, मग ताळेबंद जुळणार कसा?

डर्बनच्या त्या फाटकापाशी अहिंसेने कोण वागलं? मला विचारशील तर कस्तुरबा. त्यांनी हात उगारला नाही आणि ऐकूनही घेतलं नाही. जे चाललंय ते लाजिरवाणं आहे हे तोंडावर सांगितलं. अहिंसेचे धडे मी बायकोकडून घेतले, असं गांधी पुढे कबूल करायचे. उगाच नाही.

तू एकच गोष्ट धर. सासूबाईंना शांत वेळी, दुपारच्या चहाला सांग : 'आई, माझ्या माहेराबद्दल बोललात की मी तिथून उठून जाणार. बाकी काहीही बोला, मी बसेन.' आणि मग खरंच उठायचं. पाहुणे असले तरी. ताट अर्धवट असलं तरी. आदळआपट नाही, डोळे पुसणं नाही, दहा मिनिटांनी परत यायचं आणि पोळ्या लाटायला लागायचं. असहकार म्हणजे याहून निराळं काय असतं? आणि यजमानांना म्हणावं, गांधी व्हायला घरात जागा रिकामी आहे, आधी तुम्ही बसा. आईशी दोन शब्द बोलून सुरुवात करा.

एक मात्र नीट ऐक. कुणी अंगावर हात टाकला, कोंडलं, पैसे काढून घेतले, तर हे वरचं सगळं बाजूला ठेवायचं. महिलांसाठी १८१, तातडीला ११२. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात अपमान आणि शिवीगाळही धरलेली आहे, जिल्ह्याला संरक्षण अधिकारी असतात. तिथे तक्रार करणं ही हिंसा होत नाही.

प्रश्न : दरवर्षी तुमचं तेच. आमच्या साताऱ्यात पत्री सरकार नसतं आणि मुंबईत नौसैनिक उठले नसते तर इंग्रज गेला असता काय? अहिंसा हे दुबळ्यांनी स्वतःचं केलेलं समाधान आहे. (एक निवृत्त सुभेदार)

उत्तर : सुभेदारसाहेब, नमस्कार. क्रांतिसिंह नाना पाटील मी पोरांना मनापासून शिकवले आहेत आणि स्वातंत्र्य एकट्या चरख्याने आलं असं माझ्या तोंडून कधी गेलेलं नाही. तेवढं आपलं एकमत. दुबळ्यांवरून मात्र भांडणार.

२३ एप्रिल १९३०, पेशावर, किस्साखानी बाजार. समोर बादशाह खानांचे, म्हणजे खान अब्दुल गफार खानांचे पठाण, ज्यांच्याकडे सूड पिढ्यान्‌पिढ्या चालतो. त्यांनी शपथ घेतली होती की सूड घेणार नाही, छळ करणाऱ्याला माफ करू, आणि रोज निदान दोन तास समाजाचं काम करू. गोळीबार झाला, माणसं पडत राहिली, ते हटले नाहीत. आणि त्याच शहरात गढवाल रायफल्सच्या चंद्रसिंग गढवालींनी व त्यांच्या साथीदारांनी निःशस्त्र लोकांवर गोळी झाडायला नकार दिला. चंद्रसिंगांना जन्मठेप झाली. हुकूम न पाळण्याची किंमत काय असते हे तुम्ही मला सांगायचं, मी तुम्हाला नाही. दुबळे होते ते?

गंमत अशी की गांधींना गढवालींचं वागणं पटलं नव्हतं. शपथ घेतलेल्या शिपायाने हुकूम मोडू नये, असं ते म्हणाले. इथे मी गांधींच्या बाजूला नाही, तुम्ही कदाचित असाल! बाकी भेकडपणा आणि हिंसा यांतलं एकच निवडायचं झालं तर मी हिंसा निवडायला सांगेन, हे १९२० मध्ये लिहिणारेही गांधीच. बादशाह खान १९३४ साली सुटल्यावर आमच्या वर्ध्याला येऊन राहिले होते आणि त्या डिसेंबरात त्यांना पुन्हा पकडलं तेही इथेच. कधी आलात तर दाखवीन गाव. चहा आमच्याकडे.

प्रश्न : डास मारला तर हिंसा होते का? आजी म्हणते होते, बाबा म्हणतात नाही. (इयत्ता पाचवी, अकोला)

उत्तर : होते रे, आजीचं बरोबर. पण बाबांचंही ऐकून घेऊ. १९२८ साली साबरमतीच्या आश्रमात एक वासरू फार आजारी पडलं. बरं होण्याची आशा नव्हती, तडफडत होतं. गांधींनी डॉक्टरला बोलावून त्याला इंजेक्शन देऊन मरण दिलं, स्वतः शेजारी उभे राहून. लोक इतके चिडले की रागाच्या पत्रांचा ढीग पडला. गांधींनी काही लपवलं नाही. असं केलं आणि या कारणासाठी केलं, हे त्यांनी छापून सांगितलं. म्हणजे कधीकधी मोठ्या माणसांनाही अडचण पडते.

सेवाग्रामला साप फार निघायचे. ते मारायचे नाहीत असं ठरलेलं, म्हणून आश्रमात साप पकडायचा एक लांब लाकडी चिमटा आणि पिंजरा होता. पकडायचा आणि लांब रानात सोडून यायचं. चिमटा अजून तिथे ठेवलेला आहे, दिवाळीच्या सुट्टीत बाबांना घेऊन ये आणि बघ. डासाला असा चिमटा करता येईल का, तू विचार कर, मला जमलेला नाही. तोवर मच्छरदाणी लावायची आणि कुंडीखालच्या ताटलीतलं पाणी दर आठवड्याला ओतून टाकायचं, म्हणजे मारायला डासच कमी राहतात.

माझ्याकडे बॅट आहे, चार्ज होते ती. काल रात्री दोन वेळा वाजवली. आजीला सांगू नकोस.